समाजशास्त्रात एम.ए.: ठाणे-नवी मुंबईकरांनी कोणते दाखले कुठून काढायचे

ऑनलाइन अर्ज अर्ध्या तासात भरून होतो. घोडं अडतं ते दाखल्यांपाशी. दाखला असतो, पण चुकीच्या नमुन्यातला. किंवा अर्ज केलेला असतो, पण भलत्याच तहसीलमध्ये. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाची दिवाळी सरली की कागद जमवायला लागावं.

आधी वाट ठरवा. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग (स्थापना १९१९) कलिनाच्या विद्यानगरीत आहे. ठाण्याहून कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. दोन वर्षं, चार सत्रं, ८८ श्रेयांक (क्रेडिट). पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर थांबलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते मागवायला वेळ लागतो.

सामाजिक न्यायाकडे ओढा असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. वाशी-नेरूळहून हार्बरने थेट गोवंडी. पदवी कोणत्याही शाखेची चालते, पण सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा मार्चमध्ये. प्रश्न ७५, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला उणे १. सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे टिसचाही भरला, असं समजून बरेच जण गाफील राहतात. टिसच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावाच लागतो.

नोकरी सांभाळून करायचं तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. किमान दोन, कमाल चार वर्षं. अर्जाआधी डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षणासाठी लागणारा यूजीसीचा ओळख क्रमांक, काढून ठेवा.

आता तहसील. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच रायगड. पत्त्यात कितीही ठळक ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असो. उत्पन्नाचा दाखला राहत्या तालुक्यातून, ‘आपले सरकार’वर अर्ज करून मिळतो.

जातीच्या दाखल्याचा नियम निराळा. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेला, घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांताकडे अर्ज करायचा. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ओबीसी घरातले आजोबा १९७२ साली साताऱ्याहून वागळे इस्टेटला कामाला आले असतील, तर नातवाचा दाखला साताऱ्याकडचाच आणि पडताळणीही तिथल्याच समितीकडे. पुरावा त्या तारखेच्या आधीचा हवा: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातली जन्मनोंद. पडताळणीला (अनुसूचित जमाती सोडून) विद्यार्थ्यांसाठी नमुना १६ चा अर्ज, वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये, दुसरं शपथपत्र नमुना १७ मध्ये, आणि कॉलेजच्या सही-शिक्क्याचा नमुना १५-अ. वंशावळीत ‘पांडुरंग’ आणि जुन्या रजिस्टरात ‘पांडू’ असलं की त्रुटी निघालीच समजा. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र सुरुवातीलाच जोडा.

टिस आणि इग्नू केंद्राच्या अखत्यारीतल्या, त्यामुळे तिथे राज्याच्या नमुन्यातला दाखला पुरत नाही. नुसतं ‘नवबौद्ध’ लिहिलेल्या दाखल्यावर अडवणूक होऊ शकते. धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात नमूद केलेला नमुना ७ काढून घ्या. ओबीसींना केंद्रीय नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर हवं, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी पाहावं. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीच. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रीमी लेयर लागत नाही, तरी सेतूतला एखादा एजंट ते काढायला लावतो. पैसे वाचवा.

नावाचा घोळ वेगळाच. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव; आधारवर आपलं, वडिलांचं, मग आडनाव. क्रमाने सहसा बिघडत नाही, स्पेलिंगने बिघडतं. एका ठिकाणी इंग्रजी ‘डब्ल्यू’चं गायकवाड आणि दुसरीकडे ‘व्ही’चं, असं असेल तर आधार दुरुस्त करूनच श्रेयांक बँकेचा (तुमचे क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं, एबीसी) आयडी उघडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत सोबत ठेवा.

फीसाठी महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यापुढे उत्पन्न असेल तर फ्रीशिपचा, म्हणजे फीमाफीचा पर्याय आहे, तो निवडायचा राहून जातो. मुरबाड-शहापूरहून येऊन ठाण्यात खोली घेऊन राहणाऱ्या, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेत ठाणे, नवी मुंबई, मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. शिकायच्या शहरातच घर असेल तर मिळत नाहीत.

रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात येईलच असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं सीड झालंय, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायचं खातं म्हणून जोडलं गेलंय, त्यात जाते. कुठल्याशा पेमेंट अॅपसाठी उघडलेलं खातंही ते असू शकतं. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. लिंक आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत सीडिंगचा फॉर्म वेगळा भरून द्या आणि आठवड्याने आधारच्या संकेतस्थळावर कोणत्या बँकेचं नाव दिसतंय ते पाहा.