घाटावरची भाजी आणि दारातलं पाणी

गोव्याची भाजी घाट उतरून येते. बेळगावहून रात्री निघालेले टेम्पो चोर्ला किंवा अनमोडमार्गे खाली येतात आणि त्यातला टोमॅटो, कोबी, गाजर सकाळी म्हापसा, फोंडा, मडगावच्या बाजारात लागतो. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर स्वस्तात मिळणारी भाजीही बहुतेक तीच. जुलैत घाटात दरड पडली की कोथिंबिरीच्या जुडीकडे नुसतं बघून परत यायची वेळ येते.

हे परावलंबन नवं नाही. 1955 मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटावरून येणारा माल अडला. मग बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून असा सगळा बाजार बोटीने येऊ लागला. बेळगाव हाकेच्या अंतरावर, आणि बटाटा मात्र सात समुद्रांपलीकडून! पुढे मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत दुकानं बंद, रस्ते बंद, आणि जुन्या माणसांना पुन्हा नाकेबंदीचे दिवस आठवले. गच्चीवर पांढरे पाइप मांडून त्यात पालेभाजी लावणारी घरं त्यानंतर आमच्या भागात दिसू लागली. मीही त्यातलाच एक. मातीविना शेतीचा इतिहास मी वाचला तो नंतर. आधी वाचला असता तर काही पैसे वाचले असते.

या इतिहासाची सुरुवात भाजीपासून झालेली नाही, एका प्रश्नापासून झाली: झाड खातं तरी काय? बेल्जियमच्या यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँटने 200 पौंड सुकवलेली माती कुंडीत भरली, 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं, माती जेमतेम दोन औंस घटली. झाड पाण्याचंच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तो छापला गेला. निष्कर्ष चुकला होता, कारण हवेतल्या कार्बनची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. पण हरवलेले दोन औंस त्याने हिशेबाची चूक समजून सोडून दिले, आणि खरी गोष्ट तिथेच होती. 1699 मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाच्या स्वच्छ पाण्यात तो कमी वाढला, माती मिसळलेल्या पाण्यात सर्वांत जास्त. पाण्यात विरघळून येणारं काहीतरी झाडाला हवं असतं, हे त्यातून कळलं.

ते ‘काहीतरी’ ओळखायला आणखी दीडशे वर्षं गेली. 1860 च्या आसपास जर्मनीत यूलियस फॉन झाख्स आणि विल्हेल्म नॉप यांनी कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅशियमचे क्षार आणि थोडं लोह पाण्यात विरघळवून त्यात रोपं वाढवून दाखवली. आज दुकानात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत मिळतं ते द्रावण म्हणजे नॉपच्याच पाककृतीची सुधारलेली आवृत्ती. बाटल्या दोन का, हे मला विक्रेत्याने सांगितलं नाही. मी दोन्हींतलं दाट द्रावण एकाच तांब्यात ओतलं आणि तळाशी पांढरा गाळ बसला. कॅल्शियम आणि सल्फेट दाट अवस्थेत भेटले की जिप्सम तयार होतं आणि रोपाच्या तोंडचा घास तळाला जातो. म्हणून आधी टाकीत पाणी, मग ए, ढवळून झाल्यावर बी.

घरच्या बागेशी या इतिहासाचं खरं नातं जुळतं ते कॅलिफोर्नियात. बर्कलीच्या विद्यापीठातला विल्यम गेरिके 1929 पासून म्हणू लागला की प्रयोगशाळेतली ही युक्ती पीक काढायलाही चालेल. त्याने आपल्या परसात, पोषक द्रावणावर, टोमॅटोचे वेल 25 फूट वाढवून दाखवले. परस म्हणजे आपल्या घरामागचा तोच, जिथे आई दोडका लावते. 1937 मध्ये या पद्धतीला नाव मिळालं हायड्रोपोनिक्स, ग्रीक भाषेतल्या ‘पाणी’ आणि ‘कष्ट’ या शब्दांपासून. यातला कष्ट हा शब्द यंत्रसंच विकणारे सहसा सांगत नाहीत.

वर्तमानपत्रांनी हा विषय डोक्यावर घेतला आणि लोक नाही नाही ते दावे करू लागले. तेव्हा त्याच विद्यापीठाने डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन यांना तपासायला लावलं. 1938 च्या त्यांच्या पत्रकातलं म्हणणं थोडक्यात असं: चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यात पीक जास्त येत नाही, प्रकाश आणि हवामानाच्या मर्यादा दोन्हीकडे सारख्याच. पत्रकात दिलेलं द्रावण आजही होगलंडच्या नावाने जगभर वापरतात, इशारा मात्र कुणाच्या लक्षात नाही. मला संच विकणाऱ्याने दहापट उत्पन्नाचं आश्वासन दिलं होतं.

मग ही पद्धत चालली कुठे? जिथे माती नाही किंवा भाजी पोचत नाही तिथे. पॅसिफिकमधल्या वेक बेटावर पॅन अमेरिकनची विमानं इंधनाला उतरत. तिथल्या प्रवाळावर काही उगवेना, म्हणून वाफ्यांत द्रावणावर भाजी घेतली. महायुद्धात अमेरिकी सैन्याने असेन्शन बेटाच्या ज्वालामुखी खडकावर तेच केलं. भारतात शोल्टो डग्लस यांनी 1946 च्या सुमारास कालिम्पाँगला खडी-वाळूच्या वाफ्यांची साधी ‘बंगाल पद्धत’ बसवली, पंप आणि महागडी उपकरणं टाळून. बेट, छावणी, डोंगर. 1955 ते 61 चा गोवाही एका अर्थी बेटच होता की!

पंपाचे पाइप आले ते पुढे, इंग्लंडच्या ॲलन कूपर यांच्या पद्धतीतून. उतरत्या नळीतून द्रावणाची पातळ धार सतत फिरते, मुळांचा खालचा भाग ओला आणि वरचा हवेत. आमच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, पाटाचं पाणी उतारावरून असंच पोफळीच्या मुळाशी फिरतं, म्हणून मला ही कल्पना लगेच आवडली. फरक इतकाच की पाटाला वीज लागत नाही. मेमध्ये वळवाच्या आधी दुपारी वीज गेली, तीन तासांनी मी गच्चीवर गेलो तर लेट्यूस फडक्यासारखं लोळलं होतं. नळीत पाणी साठत नाही, त्यामुळे पंप थांबला की मुळं उघडी पडतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. त्यात मुळं कुजायला वेळ लागत नाही.

जूनने उरलेलं केलं. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उघड्या टाकीत तो सगळा जातो. पालेभाजीसाठी 1.6 वर ठेवलेला ईसी, म्हणजे द्रावणातल्या क्षारांचं माप, दोन दिवसांत 0.4 वर आला, म्हणजे वुडवर्डचं पावसाचं पाणी. झाकण नसलेल्या टाकीत डासांच्या अळ्या झाल्या त्या वेगळ्याच, आणि आमच्याकडे डेंग्यूची भीती काही काल्पनिक नाही.

शेवटी पाइप उतरवले. आता काळे झाकणाचे टब आहेत, हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या पद्धतीचे. पंप नाही. द्रावण एकदाच भरायचं. रोप ते पितं तशी पातळी उतरते आणि वरची मुळं मोकळ्या जागेत श्वास घेतात. टबांवर प्लास्टिकचं छप्पर आहे. झाकण पक्कं असल्याने शेवाळही नाही, डासही नाहीत. लेट्यूसचा नाद सोडला. लाल माठ चालतो, नाळीची भाजी तर माजते. ती मुळात तळ्याकाठचीच, तिला पाण्यात वाढायला कुणी शिकवावं लागत नाही.

पहिला टब मांडला तेव्हा आई म्हणाली होती, “मातये बगर भाजी?” ती अजून त्या टबांना हात लावत नाही. पावसाळ्यात तिचा माटव, म्हणजे वेलांचा मांडव, मातीतच उभा राहतो, काकडी, दोडकी, पडवळ, चतुर्थीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला पुरून उरतील इतकी. मात्र पीक काढल्यावर टबात जे द्रावण उरतं, ते मला टाकू देत नाही. बादलीत भरून दोडक्याच्या मुळाशी ओतते.