सर्दी की ॲलर्जी? काढा उकळण्याआधी हे वाचा
आमच्या काष्ठौषधी आणि मसाल्याच्या दुकानातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"सर्दीवर काहीतरी द्या" असं म्हणत गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी एकच विचारतो: डोळे खाजतात का? बऱ्याच जणांना वाटतं, आम्ही उगाच वेळ काढतोय. पण सुंठ बांधून द्यायची की तुमचे पैसे वाचवायचे, हे त्या उत्तरावर ठरतं.

सर्दी विषाणूंमुळे होते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, अंग मोडून येतं, कधी कणकण वाटते. दोन-तीन दिवसांनी शेंबूड दाट आणि पिवळट होतो. तो पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. विषाणूवर ते चालतच नाही. सात ते दहा दिवसांत सर्दी आपली आपण जाते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

ॲलर्जीत ताप नसतो. ओळीने शिंका येतात, नाकातून पाण्यासारखं गळतं, डोळे, नाक आणि टाळू खाजते. धूळ, बुरशी किंवा परागकण भोवताली आहेत तोवर हे चालूच राहतं, मग दहा दिवस होवोत की दोन महिने. दरवर्षी ठरावीक महिन्यांत "सर्दी" होत असेल, तर ती बहुधा सर्दी नाहीच. अशा माणसाने आमच्याकडून काढ्याचं पाकीट नेऊन फारसा उपयोग नाही. त्याच्यासाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

काढा: थोडा, ताजा, कोमट

काढ्याने सर्दीचे दिवस कमी होत नाहीत. घसा शेकला जातो, पोटात गरम पाणी जातं, वाफेने नाक थोडं सुटतं आणि झोप बरी लागते. आजारी माणसाला एवढंही पुष्कळ असतं.

दोन कपांसाठी: अडीच कप पाणी, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं (किंवा पाव चमचा सुंठ), चार मिरी, अर्धा इंच दालचिनी. मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळू द्या. गॅस बंद केल्यावर आठ-दहा तुळशीची पानं आणि गवती चहाची दोन पाती चुरडून टाका, झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गाळा. तुळस आणि गवती चहा पहिल्यापासून उकळत ठेवले तर त्यांचं सुगंधी तेल वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातं आणि कपात नुसता कडवटपणा उरतो. गूळ चवीपुरता. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर.

तयार पूड करून ठेवायची असेल, तर आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण सोपं आहे: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. म्हणजे ४० ग्रॅम वाळलेली तुळस, प्रत्येकी २० ग्रॅम दालचिनी आणि सुंठ, १० ग्रॅम मिरी. एका वेळी ३ ग्रॅम पूड, १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात. त्या वर्षी लोक दिवसातून चार-चार वेळा काढा पीत होते आणि नंतर छातीत जळजळ, तोंड आलं, म्हणून ज्येष्ठमध मागायला येत होते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. पित्ताचा त्रास असेल तर मिरी आणि सुंठ निम्मी करा, रिकाम्या पोटी घेऊ नका.

माल कसा पारखायचा

हे आमचं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर.

सुंठ पांढरीशुभ्र दिसली की गिऱ्हाईक खूश होतं. तो पांढरेपणा बहुतेक वेळा चुन्याचा असतो. बिनचुन्याची सुंठ मातकट, सुरकुतलेली दिसते. मोडून पाहिली की वास नाकात शिरतो. आलं वाळताना त्यातल्या तिखट घटकाचं रूप बदलतं आणि ते आणखी जहाल होतं, म्हणून आल्याच्या मापाने सुंठ घालू नये.

दालचिनी म्हणून बाजारात बहुतेक ठिकाणी जाड, कडक सालीची कॅशिया मिळते. खरी दालचिनी पातळ असते, कागदाच्या सुरळीसारखी थरावर थर, आणि बोटाने चुरा होतो. कॅशियात कूमारिन नावाचा सुगंधी घटक जास्त असतो; तो रोज भरपूर पोटात गेला तर यकृताला बरं नाही. चार दिवसांच्या काढ्याने बिघडत नाही, पण वर्षभर रोज सकाळी दालचिनीचं पाणी पिणाऱ्यांनी पातळ सालीचीच घ्यावी. आमच्याकडे दोन्ही आहेत, बरण्यांवर तसं लिहिलं आहे, आणि भावात मोठा फरक आहे.

हळद शक्यतो हळकुंडं घेऊन दळून आणा. सुट्या पुडीत रंग उठावा म्हणून शिशाचा पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणं देशात आढळली आहेत. सांगलीचा राजापुरी माल आमच्याकडे असतो, विदर्भातली वायगावची हळद कधीकधी येते. हळदीचं दूध करताना कपाला पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, थेंबभर तूप घालून दोन मिनिटं उकळी द्या. हळदीतला मुख्य घटक एरवी शरीरात फारसा शोषला जात नाही, मिरी आणि स्निग्धतेने थोडा जास्त शोषला जातो. दुधाने कफ वाढतो म्हणून दूध बंद करणारे खूप भेटतात. घशात थोडा वेळ चिकट वाटतं हे खरं, पण कफ जास्त तयार होत नाही.

ज्येष्ठमधाची कांडी चघळली की कोरडा खोकला आणि घशाची खवखव शमते. बोटभर तुकडा दिवसाला पुरे. रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी घेऊ नये. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. हे आम्ही प्रत्येक पुडीवर लिहितो, तरी पुडी उलटून कोणी वाचत नाही, म्हणून इथे पुन्हा.

खोकल्यावरचं सितोपलादि चूर्ण घरी करायला सोपं: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत मिळणारा पांढरा खडा) ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. मधातून चाटतात. प्रमाण पाहिलंत तर लक्षात येईल की निम्म्याहून जास्त साखरच आहे. मधुमेह असेल तर हे तुमच्यासाठी नाही, आणि वर मध तर नाहीच.

अडुळशाच्या पानांतल्या व्हॅसिसिनपासूनच पुढे कफ पातळ करणारी ब्रोमहेक्सिनसारखी औषधं निघाली, तेव्हा त्याचं नाव उगाच झालेलं नाही. पण गरोदरपणात अडुळसा नको. गुळवेल आम्ही सर्दीसाठी देत नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद काहीही असो, साध्या सर्दीसाठी तो धोका कशाला घ्यायचा?

गुळण्या, वाफ, पोटली

पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा गुळण्या. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि दुकानातून काही न्यावंही लागत नाही.

वाफ घेताना पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नका. भाजण्याचे प्रकार असेच होतात, आणि त्यात लहान मुलं जास्त. मुलांना पातेल्यावर वाकवण्यापेक्षा न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावा आणि त्यांना घेऊन दहा मिनिटं बसा.

ओवा तव्यावर कोमट भाजून फडक्यात बांधला की झाली पोटली. कापूर, नीलगिरी, पुदिन्याचा अर्क यांच्या वासाने नाक उघडल्यासारखं वाटतं. पुदिन्याच्या अर्कातला मेंथॉल नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या नसांना चेतवतो, सूज तेवढीच राहते. तेवढ्याने झोप लागत असेल तर चांगलंच. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळाजवळ कापूर-नीलगिरी नकोच, आणि घरात कापराची डबी वरच्या फळीवर ठेवा.

बाळांसाठी: आजीबाई रागावल्या तरी

एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणालाही नाही. मधातल्या एका जिवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. वर्षानंतर मात्र झोपताना एक छोटा चमचा मध खोकल्याला खरंच आराम देतो. बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. ओव्याची किंवा धुपाची धुरी नको. वेखंड पोटात नको. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब केमिस्टकडे मिळतात.

खोकल्याची सिरपं मुलांना स्वतःहून देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य विभागानेही दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत, असं कळवलं आहे.

ॲलर्जीवाल्यांसाठी

इथे आमच्या बरण्यांपेक्षा पाणी आणि मीठ जास्त कामाचं. जलनेतीने, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी सोडून दुसरीतून काढल्याने, नाकातली धूळ आणि परागकण धुऊन निघतात. अर्धा लिटर पाणी, पाऊण सपाट चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम बिनआयोडीनचं बारीक मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं, म्हणून अंदाजाने घालू नका. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळलेलं आणि मग कोमट केलेलं हवं. नळाचं नको, प्युरिफायरचंही न उकळता नको. पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. केरळात यामुळे मृत्यू झाले आहेत. बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करा, तोंडाने श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत पाणी सोडा, ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. झाल्यावर हलकेच शिंकरा. कान दुखत असेल, नाक पूर्ण बंद असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर करू नका.

पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदलेलं गाजरगवत आता गावोगाव रस्त्याच्या कडेला आहे, आणि पावसाळ्यात ते फुललं की शिंका सुरू होतात. शेवंती त्याच कुळातली. दसरा-दिवाळीत हार करताना ज्यांचे डोळे चुरचुरतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. पावसाळ्यात बंद राहिलेल्या गोधड्या काढल्या की अंगावर घेण्याआधी गरम पाण्यात धुऊन उन्हात घाला. धुळीतल्या बारीक किड्यांना गरम पाणी सोसत नाही. कपाटामागची बुरशी पुसा.

"गावचा मध खाल्ला की परागकणांची ॲलर्जी जाते" हे आम्हालाही विचारतात. मध आम्ही विकतो, तरी सांगतो, याला आधार नाही. मधमाश्या फुलांचे जड परागकण आणतात, ॲलर्जी बहुतेकदा वाऱ्यावर उडणाऱ्या गवताच्या हलक्या परागांची असते.

नाक मोकळं करणारे केमिस्टकडचे थेंब सलग पाच दिवसांहून जास्त वापरू नका, नाक उलट जास्त चोंदतं. ॲलर्जीवर डॉक्टरांचा नाकात मारायचा फवारा चांगला चालतो, त्याला घाबरू नका.

डॉक्टरांकडे केव्हा

तीन दिवसांहून जास्त ताप, श्वास लागणं, छातीत सुंसूं आवाज, कफातून रक्त, कान किंवा गालाची हाडं ठणकणं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थांबू नका. मुलाच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत असेल तर काढा ठेवा बाजूला, लगेच निघा. दमा बरा करतो असा दावा करायला आम्हाला कायद्याने बंदी आहे, आणि कोणी तसा दावा करत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर हळद, आलं, लसूण जेवणापुरतंच ठेवा. डॉक्टरांकडे जाताना आमची पुडी सोबत न्या. आत काय आहे ते मराठीत मागे लिहिलेलं असतं.