हळद जमिनीतून जमिनीत

जानेवारी-फेब्रुवारीत हळदीचा पाला पिवळा पडून आडवा होतो. रानात काहीच उरलं नाही असं वाटतं, पण पीक मातीखाली असतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेलं बेणं आठ-नऊ महिने पानांनी ऊन पकडतं, त्यातून साखर करतं आणि खर्चून उरलेली साखर स्टार्च करून कंदात साठवतं. ही झाडाची पुढच्या पावसाळ्याची बेगमी. शाळूचा दाणा असो की उसाचा रस, झाडाने स्वतःसाठी साठवलेलं आपल्या घराकडे वळवणं म्हणजेच शेती, असं मला वाटतं.

काढलेला कंद मात्र जिवंत असतो. तसाच ठेवला तर कोंब धरेल, नाहीतर कुजेल. म्हणून हळद शिजवतात. पूर्वी कायलीत, आता वाफेवर. शिजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो, कुरकुमिनचा पिवळा रंग गाभाभर सारखा पसरतो आणि हळकुंडं लवकर वाळतात. पाच किलो ओल्या हळदीची वाळून साधारण एक किलो उरते.

ती वर्षानुवर्षं टिकवायची कशी? सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या लोकांनी ती पुन्हा जमिनीतच ठेवली. तिथली माती घट्ट. खोल खणलं तरी ढासळत नाही, पाणी झिरपू देत नाही. जमिनीत खणलेल्या या कोठाराला पेव म्हणतात. पेवाचं तोंड अरुंद, पोट माठासारखं. आत वाळल्या पाल्याचं अस्तर, मग हळद, आणि तोंड मातीने लिंपून बंद. कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन आतले किडे, बुरशी आणि जिवाणूच श्वासात संपवतात. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि हळदीला भोकं पाडणारी कीड स्वतःच गुदमरते. औषधाचा एक कणही लागत नाही. अशी कोठारं ज्यांनी शोधली, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

2005च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर बराचसा माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला होता.

पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. तोंड काही तास उघडं ठेवतात, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडतात. तो विझला, तर हमालही वरच थांबतो. किडीला मारणारी हवा माणसालाही सोडत नाही.