नियमात बसणं आणि नीतीत बसणं: द्राक्ष सल्लागाराच्या कामातला फरक

निफाड-दिंडोरीकडे द्राक्ष सल्लागार फवारणीचं शेड्यूल लिहून देतो, औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं तेही सांगतो. औषधाला द्राक्षासाठी लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत मंजुरी, आहे; दुकान परवानाधारक आहे, बिल पक्कं आहे. नियमात सगळं बसतं. पण त्या दुकानाकडून सल्लागाराला कमिशन मिळतं आणि बागायतदाराला ते ठाऊक नाही, तर नीतीत ते बसत नाही.

नियम कागदावर तपासता येतो. मात्रा लेबलप्रमाणे आहे का, शेवटची फवारणी आणि काढणी यांत लेबलवरचे दिवस सोडले का, याचं उत्तर हो किंवा नाही. नीतीचा प्रश्न अवघड असतो: मला जे माहीत आहे ते समोरच्यालाही माहीत असतं, तर त्यानं हाच निर्णय घेतला असता का?

2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या मण्यांत उरलेल्या अंशांमुळे. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात; खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंड्याची वाढ रोखायला ते वापरायचे. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. तपासणीत पास झालेला माल तिकडे नापास झाला. यादी कायम मागून येते. मागची चूक तिच्यात असते, पुढची नसते. म्हणून यादीबाहेरचं रसायन सुचवताना त्याचा अंश मण्यात किती उतरेल हे विचारणं सल्लागाराचंच काम आहे.

उलटंही घडतं. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस लागतो, डावणी हा बुरशीचा रोग घडांवर येतो आणि बाग वाचवण्याच्या कळकळीनं सल्लागार लेबल क्लेम नसलेलं औषध देतो. हेतू चांगला आहे, पण हेतूनं अंश कमी होत नाही.

शेड्यूलवर ब्रँडशेजारी रासायनिक घटकाचं नाव, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्वी सोडायचे दिवस लिहावेत. खाली एक ओळ: या दुकानाशी माझा आर्थिक संबंध आहे किंवा नाही. घटकाचं नाव कळलं की बागायतदार चार दुकानांत भाव विचारू शकतो. ते नसलं की एकच घटक दोन ब्रँडच्या नावांनी लागोपाठ फवारला जातो. खर्च वाढतो, बुरशी त्या औषधाला दाद देईनाशी होते आणि काढणीच्या वेळी अहवालात अंश जास्त निघतो.