महिला फाउंडेशन आणि कायम निधीचा पेच

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘फाउंडेशन’ अशा पाट्या बऱ्याच दिसतात, पण कायद्यात त्या नावाचा वेगळा प्रकार नाही. पाटीमागे विश्वस्त संस्था असते, १८६० च्या कायद्याखालची सोसायटी असते किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, नफा न वाटणारी कंपनी. आपल्याकडे सोसायटीलाही १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते.

वर्गण्या जमवून बायकांसाठी संस्था उभी करणं महाराष्ट्राला नवं नाही. १८९६ मध्ये पुण्यात निघालेला विधवांचा आश्रम असाच वाढला. १९९२ पासून बचतगट बँकांशी जोडले गेले आणि १९९४ ला राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. आजचं चित्र मात्र घडलं ते १ एप्रिल २०१४ नंतर. नव्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के समाजकामावर खर्च करायला लावले; यालाच सीएसआर म्हणतात. कामांच्या यादीत स्त्री-पुरुष समानता आणि महिलांची वसतिगृहं आली, शिवाय कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य. रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांशेजारच्या वस्त्यांमधल्या संस्थांना साहजिकच आशा वाटली.

खरा वाद आहे तो कायम निधीचा, म्हणजे बोलीतल्या कॉर्पसचा. मुद्दल बँकेत राहतं आणि व्याजावर काम चालतं. फाउंडेशन म्हणावं ते यालाच. जून २०१४ च्या परिपत्रकाने कंपन्यांना असा निधी द्यायला काही अटींवर मुभा दिली होती. २२ जानेवारी २०२१ पासून ती संपली. निधीत टाकलेला पैसा आता सीएसआर खर्चात धरला जात नाही. यामागचं कारण समजण्यासारखं आहे: रक्कम ठेवीत पडून राहायची आणि कागदावर खर्च झालेली दिसायची. पण त्याचा भार मुलींच्या कामावर जास्त पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. दीर्घ प्रकल्पालाही सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. आठवीतल्या मुलीला पदवीपर्यंत न्यायला किमान आठ वर्षं लागतात. मधल्या वर्षी पैसा आटला, तर तिचं शिक्षण सुटतं आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. शिलाई मशीन वाटण्याचे कार्यक्रम याच काळात का फोफावले, ते यातून कळतं: मशीन मार्चअखेर वाटून होतं.

म्हणून कायम निधी आता व्यक्तींच्या देणग्यांतून उभा करावा लागतो. त्यातही एक खाच आहे. ‘ही रक्कम कायम निधीत जमा करावी’ असं देणगीदाराने लेखी दिलं नाही, तर ती वर्षाचं उत्पन्न ठरते आणि करसवलत टिकवायला साधारणपणे ८५ टक्के त्याच वर्षी खर्चावी लागते. २०२१ पासून हा निधी ठरावीक गुंतवणुकीत, वेगळा ठेवावा लागतो. ऐरोलीतल्या एका छोट्या संस्थेने त्यावर उपाय काढला आहे. पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानाला ‘कायम निधीत जमा करावी’ या वाक्याची छापील चिठ्ठी टाचलेली असते आणि देणगीदाराची सही झाल्याशिवाय खजिनदारबाई चेक घेत नाहीत.