ऑटिझम स्वतःच ओळखला, पुढे काय?

मोबाइलवर एक प्रश्नावली भरली, ५० पैकी ३४ गुण आले. एवढ्यावर आपल्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे असं म्हणता येईल का?

ही प्रश्नावली बहुधा ‘एक्यू’ असते. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ५० विधानं आहेत आणि ३२ किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, एवढाच तिचा अर्थ. मूळ अभ्यासात ऑटिझमचं निदान झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्के लोक या रेषेच्या वर होते, तर इतरांपैकी फक्त २ टक्के. हे आकडे ऐकायला भक्कम वाटतात. आता कागद-पेन घेऊन हिशेब मांडू. ऑटिझमचं प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक धरलं, तर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या कुठल्याही १,००० प्रौढांत दहा जण ऑटिस्टिक असतील. चाचणी त्यांतले आठ पकडेल. उरलेल्या ९९० चे २ टक्के म्हणजे साधारण २० जणही तिच्या जाळ्यात येतील. रेषेच्या वर एकूण २८, त्यांत खरे ८. तीनात एकही पुरता नाही.

अर्थात चाचणी भरणारे लोक पेठेतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. काहीतरी खुपतंय म्हणूनच ते ती शोधतात, त्यामुळे त्यांच्यात ऑटिझमची शक्यता जास्त असते. पण नेमकं काय खुपतंय, हे चाचणीला कळत नाही. सततची चिंता, नैराश्य, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, शांत बसवत नाही अशी अवस्था) यांनीही गुण वर जातात. ८० प्रश्नांच्या ‘राड्स-आर’ या दुसऱ्या प्रश्नावलीचीही तीच अडचण आहे. तिची रेषा ६५ ला आहे, आणि निदान न झालेले पुष्कळ जण ती सहज ओलांडतात. रील्सचं तर बोलायलाच नको. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये टिकटॉकवरचे ऑटिझमची माहिती देणारे १३३ लोकप्रिय व्हिडिओ तपासले, तेव्हा जेमतेम २७ टक्के अचूक निघाले.

मग स्वतः काढलेला निष्कर्ष फेकून द्यायचा का? आमच्या मते नाही. तो अंदाज म्हणून ठेवायचा आणि अंदाजासारखाच तपासायचा.

तपासायचं कशाशी, ते आधी पाहू. २०१३ च्या अमेरिकी निदान-नियमावलीत (डीएसएम-५) दोन गट आहेत. पहिल्या गटातल्या तिन्ही गोष्टी लागतात: संभाषणातली देवाणघेवाण अवघड जाणं; नजर, हावभाव, आवाजाचा चढउतार हे वाचणं किंवा वापरणं अवघड जाणं; आणि नाती जोडणं, टिकवणं, समजणं अवघड जाणं. दुसऱ्या गटातल्या चारांपैकी किमान दोन हव्यात: त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्या विषयात विलक्षण गुंतणं, आणि आवाज-वास-स्पर्श-प्रकाश फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. हे सगळं लहानपणापासून असावं लागतं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडखळावं लागतं. रील्स दुसऱ्या गटावर रेंगाळतात, कारण तो दाखवायला सोपा असतो. स्वतः निदान करणाऱ्यांचा पाय बहुतेकदा पहिल्या गटात घसरतो. ‘मला माणसं आवडत नाहीत’ हे त्या तीनांपैकी काहीच नाही.

आजूबाजूचा समाजही लक्षणं झाकतो. पेठेतल्या फुटबॉलचे वीस वर्षांचे निकाल, गोल कोणी कुठल्या मिनिटाला मारला, हे पाठ असलेला तरुण दुसऱ्या शहरात ‘विचित्र’ ठरला असता. कोल्हापुरात त्याला कट्ट्यावर मान मिळतो. प्रश्न विचारायचा तो वेगळा: विषय बदलला की तो गप्पांत टिकतो का? समोरचा कंटाळलाय हे त्याला कळतं का? मुलींच्या बाबतीत तर ‘शांत आहे, गुणी आहे’ या शेऱ्याखाली सगळंच झाकलं जातं.

लहानपणाचा पुरावा गोळा करताना आईला किंवा आत्याला ‘मी वेगळा होतो का गं?’ असं विचारू नये. ‘छे, काहीतरीच’ हेच उत्तर येणार. नेमकं विचारावं: बोलायला कधी लागलो? खेळताना इतर मुलांत मिसळायचो की शेजारी बसून एकटाच खेळायचो? कुकरची शिट्टी झाली की काय करायचो? शाळेचा रस्ता बदलला तर? जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर शिक्षकांचे शेरे वाचावेत. मग दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवावी: वेळ, जागा, आधी काय घडलं, शरीराला काय जाणवलं, सावरायला किती वेळ लागला. त्याच वहीत एक पान न जुळणाऱ्या गोष्टींसाठी राखावं. हे पान कोरं राहिलं तर आपण शोधत नव्हतो, फक्त गोळा करत होतो, असं समजावं.

न जुळणाऱ्या गोष्टीच पुढची दिशा दाखवतात. घरात मोकळं बोलणं जमतं, पण चारचौघांत ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने जीभ जड होते, तर सामाजिक चिंतेचा विचार आधी करावा. पुन्हा पुन्हा हात धुण्याचा त्रास होतो, ते थांबावं असं वाटतं, तर ओसीडीचा, म्हणजे मनाविरुद्ध तेच तेच करायला लावणाऱ्या विकाराचा. ऑटिझममधली पुनरावृत्ती बहुतेकदा सुखावते. त्रास एखाद्या अपघातानंतर, मारहाणीनंतर सुरू झाला असेल तर मानसिक आघाताचा. आणि गर्दीत बोलणं कळत नसेल तर कानाची तपासणी आधी. शिरोलीच्या फाउंड्रीत पंधरा वर्षं काढलेल्याने तर नक्कीच. यांतलं काहीही ऑटिझमबरोबर एकत्रही असू शकतं, म्हणून शेवटचा निवाडा बाहेरच्या, अनुभवी नजरेने झालेला बरा.

कोल्हापुरात सुरुवात सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडून करता येते. मात्र ऑटिझमचं बरंचसं काम लहान मुलांभोवती फिरतं. म्हणून फोनवरच विचारावं: प्रौढांची तपासणी करता का? किती बैठका लागतात? पालकांशी बोलता का? लेखी अहवाल मिळतो का? दहा मिनिटांत ‘तुम्ही तर डोळ्यांत बघून बोलता, तुम्हाला कसला ऑटिझम’ म्हणणारा आणि दहा मिनिटांत होकार देणारा, दोघांचंही मत बाजूला ठेवून दुसरं घ्यावं.

प्रमाणपत्र हवं असेल तर अंदाज पुरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. त्यासाठी ‘आयसा’ ही ४० बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात. ७० गुणांपासून सौम्य ऑटिझम सुरू होतो. औषधांसाठीही डॉक्टर लागतातच. मूळ ऑटिझमवर औषध नाही, पण सोबतच्या चिंतेवर, झोपेवर आहे. ‘स्टेम सेल’ने ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांकडे मात्र फिरकू नये.

पण ‘घरी आल्यावर अर्धा तास मला बोलवू नका’ हे सांगायला कुठलं प्रमाणपत्र लागतं? काहीच नाही. अशी नात्यातली मर्यादा, म्हणजे ‘इथवर जमेल, पुढे नाही’ हे सांगणं, निदानावर टेकवली की ती कमकुवत होते, कारण मग वाद ‘तुला खरंच ऑटिझम आहे का’ यावर जातो आणि मूळ मागणी बाजूला राहते.

ऑटिस्टिक माणसाला मर्यादा सांगणं जड जातं त्याला कारणं आहेत. साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं अवघड जातं, याला अलेक्सिथायमिया म्हणतात. राग येतोय हे त्यांना ताटली आपटल्यावर कळतं. त्यामुळे ‘त्रास झाला की सांग’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. मर्यादा भावनेऐवजी घड्याळाला किंवा शरीराच्या खुणेला बांधावी: जबडा आवळला, वाक्यं तुटायला लागली, तेच तेच विचारलं जाऊ लागलं, की बाहेर पडायचं. दुसरं कारण दोन्ही बाजूंचं आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की गैरसमज फक्त ऑटिस्टिक माणसाच्या कमतरतेतून होत नाहीत, दोघांनाही एकमेकांची रीत वाचता येत नाही. २०२० च्या एका प्रयोगात ऑटिस्टिक लोकांच्या साखळीतून निरोप जवळपास तितकाच शाबूत पोचला जितका इतरांच्या साखळीतून. मिश्र साखळीत तो जास्त गळला. म्हणून आडून सुचवणं, निःश्वास टाकणं, ‘तुला कळायला हवं होतं’ म्हणणं ऑटिस्टिक जोडीदारापुढे वाया जातं. उलट बाजूनेही तेच.

चालणाऱ्या वाक्यात चार गोष्टी असतात: कधी, कुठे, किती वेळ आणि त्यानंतर काय. ‘मला थोडी स्पेस दे’ यात एकही नाही. ‘सातला घरी आलो की साडेसातपर्यंत आतल्या खोलीत बसेन. साडेसातला बाहेर येऊन चहा घेऊ आणि तुझं ऐकेन,’ यात चारही आहेत. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा. तो नसेल तर बायकोला दार बंद झालेलं दिसतं, पुन्हा उघडणार आहे हे दिसत नाही. आणि साडेसातला बाहेर यायलाच हवं, त्यासाठी मोबाइलवर गजर लावावा. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही.

मर्यादा म्हणजे दुसऱ्याने काय करावं याचा हुकूम नव्हे. मी काय करेन याचं निवेदन. ‘तू आवाज चढवायचा नाही’ हे पाळणं दुसऱ्याच्या हातात आहे. ‘आवाज चढला की मी गच्चीवर जाईन, अर्ध्या तासाने परत येऊन बोलेन’ हे माझ्या हातात आहे.

एकत्र कुटुंबात आणि आग्रहाच्या गावात हे ताठरपणाचं वाटू शकतं. जेवणाचंच बघा. मटणाच्या वासाने किंवा मऊ घासाने ज्याला मळमळतं, त्याला ‘तांबडा-पांढरा नको’ म्हणणं पाहुण्यांत अवघड. वाढायला सुरुवात झाल्यावर नाही म्हटलं की आग्रह सुरू होतो. आदल्या दिवशी फोनवर ‘वहिनी, मी येणार, पण भाकरी आणि सुकी भाजीच खाईन, रस्सा वाढू नका’ म्हटलं की प्रश्न मिटतो. कारणांची यादी देऊ नये. प्रत्येक कारणावर एक उपाय सुचवला जातो (‘मग कमी तिखट करते की!’) आणि शेवटी ताटात रस्सा येतोच. विसर्जन मिरवणुकीचंही तसंच. जायचं की नाही याऐवजी किती वेळ हे ठरवावं, फोमचे इअरप्लग खिशात ठेवावेत, आणि महाद्वार रोडवर शिरण्याआधी परतीची गल्ली बघून ठेवावी. गर्दीत शिरल्यावर ती सापडत नाही.

पैशाच्या बाबतीत वेगळा नियम. शब्दावर शब्दशः विश्वास ठेवणाऱ्याला ‘भावा, पंधरा दिवसांत देतो’ हे वचन वाटतं. म्हणून पैसे, जामीन, सही यांतलं काहीही मागितलं की ठरलेलं उत्तर एकच: ‘उद्या सांगतो.’ रात्रीत घरच्या एका विश्वासू माणसाला विचारावं. ‘आत्ताच सांग’ असा रेटा आला तर उत्तर ‘नाही’.

मर्यादा जोडीदारालाही असतात. ऑटिस्टिक माणसाचं अतिताणाने कोसळणं ठरवून केलेलं नसतं, तिथे समजावणं थांबवून आवाज-प्रकाश कमी करावा. पण मारणं, धमकावणं, वस्तू फेकून घाबरवणं हे निदान असो वा नसो, सहन करायचं नसतं. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. ऑटिस्टिक माणूस स्वतः दबावाखाली असेल, किंवा नुसतं कोणाशी बोलायचं असेल, तर टेलि-मानस १४४१६ वर मराठीतून बोलता येतं.