गेममधल्या रणगाड्याचं चिलखत कितपत खरं?

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ किंवा ‘वॉर थंडर’ या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेममध्ये टायगर-१ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याची माहिती उघडली की हलची, म्हणजे खालच्या धडाची, पुढची प्लेट साधारण १०० मिमी, बाजूची वरची ८० आणि चाकांमागची ६० मिमी दिसते. हे आकडे बरोबर आहेत. गेम इतिहासापासून फारकत घेतो तो गोळा आदळल्यानंतर.

आधी भूमिती. तिरक्या प्लेटमधून सरळ जाणाऱ्या गोळ्याला लागणारी जाडी म्हणजे प्रत्यक्ष जाडी भागिले उताराच्या कोनाचा कोसाइन. सोव्हिएत टी-३४ची पुढची प्लेट ४५ मिमी आणि उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली, म्हणून ९० मिमी. सुरुवातीच्या अमेरिकन शर्मनची ५१ मिमी प्लेट ५६ अंशांवर ९१ मिमी भरते, नंतरची ६३.५ मिमी प्लेट ४७ अंशांवर ९३. प्लेट जाड झाली, संरक्षण जवळपास तेवढंच राहिलं.

टायगर शत्रूकडे थेट तोंड न करता तिरका उभा करण्यामागेही हेच गणित आहे. पुढच्या प्लेटचा अल्पसा कल सोडून दिला, तर ३९ अंश वळवल्यावर पुढची १०० आणि बाजूची ८० मिमी प्लेट दोन्ही सुमारे १२८ मिमीच्या होतात. पण त्याच कोनात चाकांमागची ६० मिमी प्लेट जेमतेम ९५ भरते, आणि अनुभवी खेळाडू नेमका तिथेच नेम धरतो. तो भाग उघडा पडणार असेल तर ३१ अंशांवर थांबावं. तिथे पुढचा भाग आणि चाकांमागची प्लेट दोन्ही ११७च्या आसपास येतात. रणगाडा तिरका ठेवण्याचा धडा १९४३च्या जर्मन टायगर-पुस्तिकेतही होता, म्हणजे ही युक्ती काही गेमने शोधलेली नाही.

मात्र कोसाइन हे अर्धंच सत्य. उतारावर आदळलेला गोळा वळतो, घसरतो, कधी फुटतो. त्यामुळे ३७ किंवा ५० मिमी व्यासाच्या गोळ्यांपुढे टी-३४ची ती प्लेट ९० मिमीपेक्षा बरीच भारी ठरत असे. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ नेमकं उलट करतो. तिथे साध्या चिलखतभेदी गोळ्याच्या कोनातून ५ अंश वजा होतात. ६०चे ५५ झाले की ९०ऐवजी ७८ मिमी उरतात! शिवाय ७० अंशांपलीकडे गोळा हमखास उसळतो, आणि गोळ्याचा व्यास प्लेटच्या तिप्पट असेल तर उसळतच नाही. खऱ्या पोलादाला अशा काटेकोर रेषा नसतात.

पोलादाचा दर्जा तर बहुतेक हिशेबाबाहेरच राहतो. टी-३४ची प्लेट फार कठीण होती. गोळा आरपार गेला नाही तरी आतून कपच्या उडून माणसं जखमी होऊ शकत. १९४४पर्यंत जर्मनीकडे पोलाद चिवट करणाऱ्या मॉलिब्डेनम धातूची टंचाई झाली आणि कुबिंकातल्या सोव्हिएत चाचण्यांत किंग टायगर या नंतरच्या जर्मन रणगाड्याच्या प्लेटा तडकल्या, जोड उकलले. गेममध्ये १५० मिमी म्हणजे १५० मिमीच. ‘वॉर थंडर’ निदान ओतीव चिलखताला लाटीव प्लेटपेक्षा किंचित कमी धरतो, आणि एचपीऐवजी (हिट पॉइंट्स, म्हणजे प्रत्येक माऱ्यागणिक घटणारे रणगाड्याचे गुण) आतली माणसं आणि यंत्रं मोजतो.

हे सगळं अज्ञानातून होत नाही, बॅलन्ससाठी, म्हणजे दोन्ही बाजू तुल्यबळ राहाव्यात म्हणून होतं. युद्धात सुमारे १,३५० टायगर-१ बनले आणि ४९,००० शर्मन. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये १५ विरुद्ध १५. संख्येने भरून निघालेली उणीव आता दुसरीकडून भरावी लागते. म्हणून तिथे भेदनक्षमता प्रत्येक गोळ्यागणिक २५ टक्के वरखाली होते: सरासरी १२० मिमी असेल तर ९० ते १५०. एचपीमुळे एका गोळ्यात खेळ सहसा संपत नाही. आणि रणगाडा फार तर ४४५ मीटरवरूनच शत्रू हेरू शकतो, त्यामुळे १,०००-१,५०० मीटरवरून मारा करण्याचं टायगरचं खरं बळ वापरताच येत नाही.

आमच्या मते बॅलन्स साधायचा तर तो गोळा भरण्याचा वेळ, दुरुस्ती आणि कोणासमोर कोण उभा राहील यातून साधावा. ‘वॉर थंडर’ बॅटल रेटिंगने तेच करतो: रणगाडा वरचढ ठरला तर रेटिंग वाढवून त्याला अधिक ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे नेतो आणि प्लेटची जाडी आहे तशीच ठेवतो.